नोकरी शोधताय? मग नेमकं सांगा

नमस्कार श्रोतेहो.

नोकरी बदलायची आहे, किंवा हातची गेली आहे, हे तुम्ही आतापर्यंत कुणाकुणाला सांगितलंय? बहुतेकांची यादी घरची माणसं, दोन-चार जिवलग मित्र आणि फार तर एखादा जुना सहकारी इथंच संपते. बाकी सगळा वेळ जातो मोबाईलवर अर्ज टाकण्यात. बटण दाबत सुटायचं, वीसेक अर्ज गेले की आजचं काम झालं म्हणायचं. अर्ज करू नका असं मी म्हणणार नाही, काही नोकऱ्या अर्जाशिवाय मिळतच नाहीत. पण सगळे तास त्यातच घालवणं मला पटत नाही, आणि त्याला कारण आहे.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक लेख प्रसिद्ध आहे. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांशी तो बोलला. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती, त्यांना त्यानं एक साधा प्रश्न विचारला: ज्याच्याकडून ही जागा कळली, तो माणूस त्या काळात तुम्हाला कितीदा भेटायचा? वरचेवर भेटणारे निघाले फक्त १७ टक्क्यांच्या आसपास. निम्म्याहून जास्त लोक अधूनमधून भेटणारे होते. आणि जवळपास २८ टक्के तर वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे!

विचार केला तर यात नवल नाही. तुमच्या जिवलग मित्राला जे ठाऊक असतं, ते बहुधा तुम्हालाही ठाऊक असतं. दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या कचेरीत, वेगळ्या लोकांत वावरतो, म्हणून त्याच्याकडची बातमी तुमच्यासाठी नवी असते. पुढे २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइन या कामाच्या ओळखी जोडणाऱ्या संकेतस्थळाच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. त्यातही हेच दिसलं, फक्त थोडी दुरुस्ती होऊन: अगदीच नावापुरती ओळख फारशी कामाची नाही, आणि अगदी घट्टही नाही. मधली, जरा दूरची ओळख सगळ्यात उपयोगी.

इथे काही जण म्हणतील, "म्हणजे वशिला लावायचा का?" नाही हो. जागा निघाली आहे, ती कोण भरतंय, तिथे खरं काम काय आहे, एवढी माहिती विचारण्यात कसला वशिला? मुलाखत तर तुम्हालाच द्यायची आहे.

आता विचारायचं कसं, ते जरा सविस्तर बघू, कारण घोडं इथेच अडतं. बहुतेकांचा निरोप असा असतो: "कसा आहेस? बरेच दिवसांत बोलणं नाही. सध्या नोकरी शोधतोय, काही असेल तर सांग." समोरचा लिहितो, "नक्की!" आणि विसरतो. त्याचा दोष नाही. 'काही असेल तर' म्हणजे नेमकं काय, हे त्याला कळलेलंच नसतं.

समजा, तुम्ही औषधांच्या गोदामात काम करता. मग असं लिहून पाहा: "सात वर्षं मी औषधांच्या गोदामात मालाची आवक-जावक आणि साठ्याचा हिशोब बघतोय. आता शीतगृह असलेल्या मोठ्या गोदामात जायचं आहे. तुमच्या कंपनीत हे काम कोण बघतं? त्यांच्याशी दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?" हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच कुणाचा तरी चेहरा येतो. त्याला फक्त एक नाव सांगायचं असतं, आणि एक नाव सांगायला कुणी कंटाळत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. सध्याच्या साहेबांच्या कानावर जायला नको असेल, तर "हे आपल्यातच ठेवा" असंही स्पष्ट लिहा. लोक पाळतात. अगदी तुमच्याच कचेरीतल्या माणसाला मात्र न सांगितलेलं बरं.

ज्यांची नोकरी गेली आहे, त्यांच्याशी थोडं वेगळं बोलायचंय. ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाचं गिरणीच्या जिवावर जगणारं गाव होतं. जागतिक मंदीच्या सुरुवातीला ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. लोकांना वेळच वेळ होता, गावात वाचनालय होतं, तरी तिथून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. पुरुष रस्त्यानं चालतानाही रेंगाळायचे, थांबत थांबत जायचे. संस्था, मंडळं, गाठीभेटी, सगळ्यांतून माणसं अंग काढून घेत गेली.

म्हणजे बघा, ज्या दूरच्या ओळखींची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्याच तुटायला लागतात. "आता काय करतोस?" या प्रश्नाच्या धास्तीनं माणूस लग्नाकार्यालाही जायचं टाळतो. म्हणून उत्तर आधीच ठरवून ठेवा, एका वाक्याचं: "मागच्या महिन्यात आमचा विभाग बंद झाला, आता अमुक काम शोधतोय." एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न कामाबद्दल येतो, तुमच्या दुर्दैवाबद्दल नाही. आणि रोज ठरलेल्या वेळी आवरून बसा, दुपारी जागेवरून उठा, बाहेर पडा. दिवसभर स्क्रीनपुढे बसलं की शोध जास्त होतो, हा निव्वळ भ्रम आहे.

बायोडेटाबद्दल दोनच गोष्टी. "साठा व्यवस्थापनाची जबाबदारी सांभाळली" हे वाक्य हजारांच्या बायोडेटात असतं. त्याऐवजी, "मुदत आधी संपणारा माल आधी बाहेर जाईल अशी मांडणी केली, त्यामुळे वाया जाणारा माल निम्म्यावर आला," असं लिहा. अर्थात, खरोखर आला असेल तरच. दुसरी गोष्ट तांत्रिक. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणक वाचतो. दोन रकाने, चौकटी, चित्रं यांत तो गोंधळू शकतो. तुमची पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाका. तिथे तो उलटसुलट दिसला, तर मांडणी साधी करा. नक्षीकाम कुणी मागितलेलं नसतं.

मुलाखतीत हमखास विचारतात, "एखादा अवघड प्रसंग सांगा." इथे आपली माणसं संकोचानं 'आम्ही'वर जातात: आम्ही बैठक घेतली, आम्ही तोडगा काढला. समोरच्याला कळतच नाही की यात तुम्ही काय केलं. अडचण काय होती, तुमच्या वाट्याला काय आलं, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं, एवढं दोन मिनिटांत सांगता यायला हवं. असे तीन-चार प्रसंग घरी मोठ्यानं बोलून पाहा. मनातल्या मनात सगळंच छान वाटतं. आणि तुमची पाळी आली की विचारा, "ही जागा रिकामी का झाली?" उत्तर देताना समोरचे एकमेकांकडे बघायला लागले, तर तेही लक्षात ठेवा.

मुलाखतीनंतर कळवलं नाही, तर आठवडाभरानं एकदा आठवण करून द्या, मग सोडून द्या. कधी जागाच रद्द होते, कधी आतलाच माणूस ठरलेला असतो. ते तुम्हाला कुणी सांगणार नाही.

आता पैशांचं. नोकरी लावून देतो म्हणून कुणी नोंदणीचे, प्रशिक्षणाचे, लॅपटॉपच्या अनामत रकमेचे पैसे मागितले, तर तिथून सरळ उठा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ सालचा करारच सांगतो की खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये. काही मोजके अपवाद आहेत, पण अनोळखी माणसानं फोनवर मागितलेले पैसे त्यांत बसत नाहीत. बँकेचा तपशील आणि ओळखपत्रांच्या प्रतीही ऑफर लेटर हातात पडून कंपनीची खातरजमा होईपर्यंत देऊ नका.

आणि ते लेटर आल्याशिवाय सध्याच्या नोकरीचा राजीनामा नको. फोनवर कितीही गोड बोललेले असोत. पत्रात पगाराचा पक्का भाग किती आणि कामगिरीवर ठरणारा किती, रुजू व्हायची तारीख कोणती, परिवीक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा काळ किती, सोडताना किती दिवसांची नोटीस, हे वाचा. काही कळलं नाही तर सही करण्याआधी लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच घ्या.

नमस्कार.