घरात सांगून गेलाय का त्यो?

(दृश्य: सोप्यातली जमीन, सुपात भुईमुगाच्या शेंगा, शेजारी उघडं पुस्तक.)

माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. दुपारच्याला बियाण्याच्या शेंगा फोडायला बसली की ती हाक मारायची, "ये रं, काय तरी वाच." मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. वाचनालयातून आणलेलं पुस्तक मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसायचो. त्या उन्हाळ्यात पुस्तक होतं अण्णा भाऊ साठ्यांचं 'फकिरा'.

सुरुवातीलाच रानोजी, म्हणजे फकिराचा बाप, शेजारच्या गावच्या जत्रेतली मानाची जोगणी आणायला निघतो. जोगणी आली की तिच्याबरोबर जत्रेचा मान गावात येतो, पण आणायला गेलेला माणूस जिता परत येईल याचा भरवसा नसतो. मी आवाज चढवून वाचत होतो. गबऱ्या घोडा, तलवार, जिवाची बाजी. आजीचा हात थांबला.

"घरात सांगून गेलाय का त्यो?"

मला रागच आला. इथं गावाची अब्रू पणाला लागलीय आणि ही काय विचारतेय! मी रेटून पुढं वाचू लागलो. दोन पानं झाली नाहीत तोवर पुन्हा थांबवलं. "पोरगं केवढं हाय त्येचं?"

गोष्टीतला नायक वाचणाऱ्याला आपला कधी वाटतो, हा विचार मी पुढं कित्येक वर्षं करत आलोय. पुस्तकं वाचली, माणसांना विचारलं, आता कॅमेरा घेऊन सांगली जिल्हा फिरलो. आणि दर खेपेला आजीच्या त्या दोन प्रश्नांपाशीच येऊन पोचलो.

(दृश्य: पहाटेचा आयर्विन पूल, खाली कृष्णा. सायकलवरचे दूधवाले.)

सांगली म्हणजे नाट्यपंढरी. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणलं. त्या नाटकाचा नायक साक्षात राम. प्रेक्षकानं हात जोडायचे, डोळे भरून पाहायचं. पण रामाला धनुष्य उचलेल की नाही, अशी धाकधूक कुणाच्या पोटात नसणार. देवाची काळजी कोण करतं?

नदीच्या काठानं चार किलोमीटर गेलं की हरिपूर. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि जमिनीखाली हळद साठवायची पेवं. गोविंद बल्लाळ देवल या गावचे. 1899 साली त्यांची 'शारदा' रंगभूमीवर आली आणि प्रेक्षकासमोर उभी राहिली एक कोवळी पोर. बाप कांचनभट पैशाच्या लोभानं तिचं लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरवतो. पोरीच्या हातात ना धनुष्य, ना वरदान. साधं 'नको' म्हणायचीही तिला सोय नाही. भाव्यांच्या रामापासून देवलांच्या शारदेपर्यंत मधे छप्पन्न वर्षं गेली, आणि तेवढ्यात प्रेक्षकाच्या पोटातली काळजी जागी झाली. कारण अशी पोर त्याच्या गल्लीत होती. कुणाच्या तर घरातच होती.

(दृश्य: माणदेशातला माळ. बाभळी, मेंढरांचा कळप, लांबवर वाडी.)

सांगलीहून आटपाडीकडं निघालं की वाटेत ऊस संपतो, द्राक्षाच्या बागा मागं पडतात आणि माळ सुरू होतो. व्यंकटेश माडगूळकर याच मुलखातल्या माडगुळ्याचे. त्यांची 'बनगरवाडी' 1955 साली आली. एका पोरसवदा मास्तराची धनगरांच्या वाडीत नेमणूक होते, तिथून गोष्ट सुरू होते. राजाराम विठ्ठल सौंदणीकर. पहाटेच्या काळोखात एकटाच चालत निघालेला.

एका वाचनालयात या पुस्तकाची जुनी प्रत माझ्या हातात आली. कॅमेरा तिच्यावरच ठेवतो. पाठीला खाकी कागद, कोपरे कुत्र्याच्या कानासारखे वळलेले. पन्नाससाठ वर्षांत किती हातांतून गेली असेल, देव जाणे. पण सगळी पानं सारखी मळलेली नाहीत, हे नीट बघा. काही पानं जवळजवळ कोरी आहेत आणि काहींच्या कडा बोटांनी काळ्या झाल्यात. काळ्या कडा मी उलटून पाहिल्या. एका ठिकाणी शेकूची गोष्ट आहे. त्याच्याकडं एकच बैल, दुसरा कुठून आणणार? मग त्याची बायकोच औताला खांदा देते. या ओळींच्या बाजूला कुणीतरी पेन्सिलीनं उभी रेघ मारलीय. दुसऱ्या कुणीतरी त्याच रेघेवरून पुन्हा पेन्सिल फिरवलीय. दोघांची कधी भेट झाली नसेल.

हा मास्तर काही शूरवीर नाही. शाळेत पोरं नसतात तेव्हा बावरतो. कारभाऱ्याची मर्जी सांभाळतो. कुणाची पत्रं लिही, कुणाचं तालुक्याचं काम कर, यातच त्याचा दिवस जातो. कारभाऱ्याच्या मुलीनं, अंजीनं, सांगितलं म्हणून भोळेपणानं तिची चोळी शिवून आणतो आणि केवढं रामायण ओढवून घेतो! वाचताना आपल्याला चुटपुट लागते, 'अरे मास्तर, हे कशाला केलंस?' असं तोंडातून निघून जातं. माझ्या मते नायकाशी नातं इथं जुळतं. ज्याला आपण मनातल्या मनात रागावू शकतो, तो आपल्या घरातला झाला. सर्वगुणसंपन्न नायकाला आपण नमस्कार करतो आणि पुस्तक मिटतो.

पण नुसता भोळा, नुसता बिचारा माणूसही पुरत नाही, हेही सांगायला हवं. रडणाऱ्याची कीव येते, त्याच्यामागं चालावंसं वाटत नाही. हा मास्तर मनात घेतो, वाडीत तालीम बांधायची. ज्या वाडीत पोटाची भ्रांत, तिथं तालीम! दगड, माती, लाकूड वाडीनंच गोळा करायचं, खपायचंही वाडीनंच. आणि तालीम उभी राहते. औंध संस्थानच्या राजासाहेबांच्या हस्ते तिचं उद्घाटन होतं. आपल्याला वाटतं, जिंकला मास्तर. मग पाऊस दडी मारतो. मेंढरं मरतात, माणसं बिऱ्हाडं उचलून जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते. मास्तर काही करू शकत नाही. दुष्काळापुढं कोण काय करणार? माणदेशातल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या आज्यानं हेच केलंय. दारं ओढून घेतली आणि निघाला.

आटपाडीत चहाच्या टपरीवर एका मेंढपाळ काकांना मी मास्तराची गोष्ट सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, "मग त्यो मास्तर कुठं गेला?" नातेवाइकाची चौकशी करावी, तसा आवाज.

(दृश्य: वाटेगाव. उसाचे फड, गावात शिरणारा रस्ता.)

आणि हे वाटेगाव, तालुका वाळवा. 1 ऑगस्ट 1920 रोजी अण्णा भाऊंचा जन्म इथला. शाळेत ते गेले दीड दिवस. पुढं घरच्यांबरोबर पायी चालत मुंबई गाठली. 'फकिरा' 1959 साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक त्यांनी आपल्याच नात्यातल्या, याच मातीतल्या माणसावरून उभा केला. अण्णा भाऊ जन्मले त्या दिवशी फकिरा घोड्यावरून आला आणि बाळंतिणीसाठी लुटीतले ओंजळभर रुपये देऊन गेला, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. मला या प्रसंगाचं फार अप्रूप आहे. मागं इंग्रजांचे शिपाई, आणि हा बाळंतिणीची वास्तपुस्त करून जातो!

कादंबरीतला फकिराही असाच. दुष्काळात माणसं उपाशी मरू लागतात तेव्हा तो धान्य लुटतो आणि वाटून टाकतो. पुढं सरकारी खजिन्यालाही हात घालतो. बळ त्याच्या मनगटात आहेच. पण नुसतं बळ दाखवणाऱ्या किती नायकांची नावं आपण विसरलो! फकिरा ध्यानात राहतो, कारण त्याच्या पाठीशी घर आहे. राधासारखी आई आहे, म्हातारा आजा आहे, सगळा मांगवाडा आहे. तो तलवार उपसतो तेव्हा आपली नजर त्या घराकडं जाते. सरकारला हे चांगलंच कळतं. फकिरा हाती लागत नाही म्हणताना ते त्याची माणसं डांबतं. जो कुणाला भीत नाही, त्याला इथं दुसरी वाट उरत नाही. आपल्या माणसांसाठी तो स्वतःहून हजर व्हायला निघतो.

आजी जे विचारत होती, ते हेच. त्याच्या मागं कोण आहे? तो गेला तर कुणाच्या चुलीला झळ बसेल? जो कुणाचाच नाही, त्याची काळजी वाचणाऱ्यानं कशी करावी?

(दृश्य: पुन्हा सोपा. दिवेलागण. सुपात टरफलं आणि दाणे.)

त्या उन्हाळ्यात आम्ही पुस्तकाच्या शेवटाला आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. वीज गेलेली. आजीनं काच पुसून कंदील लावला आणि माझ्याजवळ सरकवला. शेवट तिला ठाऊक होता. आमच्या भागात तो न वाचताही ठाऊक असतो. फकिरा हजर व्हायला निघाला, इथवर मी वाचलं. आजीच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"मिट आता," ती म्हणाली.

"थोडंच राहिलंय आजी."

"ऱ्हाऊ दे. उद्या वाचू." तिनं सूप उचललं, पदरानं डोळे टिपले आणि चुलीकडं जाता जाता म्हणाली, "आजची रात तरी ऱ्हाऊ दे त्येला."