फुल हाऊसमधली शेजारीण

आज एकच मालिका घेऊया, फुल हाऊस. भावंडं, शेजारी आणि कोवळ्या वयातलं प्रेम ह्या तिन्हींची गाठ कशी मारायची ते इथे फार छान दिसतं. अमेरिकेत एबीसीवर 1987 ते 1995 चालली. सॅन फ्रान्सिस्कोतलं घर, आई अपघातात गेलेली, बाबा डॅनी, मदतीला मामा आणि बाबांचा मित्र, आणि तीन मुली.

पहिल्याच एपिसोडमध्ये बघा, मामा राहायला येतो म्हणून धाकट्या स्टेफनीची खोली जाते, ती मोठ्या डीजेच्या खोलीत, आणि डीजे एवढी भडकते की सामानसुमान घेऊन थेट गॅरेजमध्ये मुक्काम ठोकते. मला हा निर्णय प्रचंड आवडतो, कारण दोघी बहिणी एका खोलीत आल्या की मोठीचं कुठलंच गुपित गुपित राहत नाही, लिहिणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं.

मग शेजारची किमी. डीजेची जिवाभावाची मैत्रीण, न बोलावता स्वयंपाकघरात हजर, तिच्या पायांचा वास येतो म्हणून सगळे नाक मुरडणार, आणि स्टेफनीशी तर तिचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

आणि डीजेचा स्टीव्ह. हा पोरगा आला की आधी फ्रिज उघडतो! लपूनछपून काही नाही, बाबा, मामा, बहिणी सगळ्यांच्या देखत तो खात बसलेला असतो, त्यामुळे पुढे दोघांचं ब्रेकअप होतं तेव्हा अख्ख्या घरातलंच माणूस गेल्यासारखं वाटतं. इतकं साधं काम, खाणं, पण त्याने ते पात्र घरचं झालं.

आता गंमत. शेवटच्या एपिसोडमध्ये, 1995 च्या मे महिन्यात, प्रॉमसाठी, म्हणजे शाळा संपतानाच्या नाचाच्या पार्टीसाठी, स्टीव्हला परत दारात आणून उभं करते कोण, तर किमी. जिला सगळे घालवायला टपलेले असायचे ती!

2016 मध्ये नेटफ्लिक्सवर फुलर हाऊस आलं, त्यात डीजे विधवा आहे, तीन मुलगे आहेत, आणि तिच्या मदतीला स्टेफनी आणि किमी त्याच घरात राहायला येतात. स्टेफनी प्रेमात पडते ती किमीच्या भावाच्या, जिमीच्या. म्हणजे आपल्या भाषेत किमी तिची नणंद झाली की! आणि एवढ्यावर थांबत नाही, स्टेफनीचं बाळ किमी आपल्या पोटात वाढवते. 2020 मध्ये शेवटी तिघींची लग्नं एकत्र लागतात, डीजेचं अर्थात स्टीव्हशी. इतक्या वर्षांची कुरबुर आधी मनापासून लिहिली होती म्हणून हे नातं पटतं, नुसतं वळण म्हणून आणलं असतं तर कुणी मानलं नसतं.

पुढच्या वेळी हम पांच घेऊ, अशोक सराफांच्या पाच मुली आणि शेजारची पूजा आंटी. येताना दोन-तीन एपिसोड बघून या, आणि बेल वाजली की दार कोण उघडतं ते लिहून आणा.