ग्रेट डिव्हाइडवर सायकल मोडते ती चिखलात

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखालचे प्रश्न वाचले. निम्मे अस्वलांवर. "ताई, अस्वल आलं तर?" "ताई, तंबूत शिरलं तर?" आणि एक दादा दर वेळी न चुकता, "सायकल कितीची?" अहो दादा, त्या सायकलचं पुढे काय होतं ते तरी विचारा. म्हणून आज मी फक्त चिखलावर बोलणार आहे. कुणी विचारलं नाही, तरी बोलणार.

नव्या मंडळींसाठी भराभर सांगते. ग्रेट डिव्हाइड म्हणजे कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिका उभी कापत मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंतचा माउंटन बाइकचा मार्ग. बॅन्फपासून धरला तर साधारण ४,४०० किलोमीटर, बहुतेक सगळा कच्चा. आता अधिकृत मार्ग आणखी उत्तरेला, जॅस्परपासून सुरू होतो. १९९०च्या दशकात अॅडव्हेंचर सायकलिंग असोसिएशनने तो आखला. मोंटाना, आयडाहो, वायोमिंग, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको. सगळ्यात उंच जागा कोलोरॅडोतला इंडियाना पास, ३,६३० मीटर. व्हिसा दोन लागतात, अमेरिकेचा वेगळा, कॅनडाचा वेगळा. सायकल हार्डटेल, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे, टायर सव्वादोन इंची, ट्यूबलेस. आणि अस्वलाचा स्प्रे विमानात नेता येत नाही, तिथे उतरल्यावर घ्यायचा. खाणं तंबूत ठेवायचं नाही. झालं. अस्वल संपलं.

आता चिखल.

एका भाऊंची कमेंट आहे, "आम्ही भर पावसाळ्यात ताम्हिणीत सायकल घालतो, आम्हाला चिखल शिकवू नका." भाऊ, तुमच्याबद्दल आदर आहे. पण घाटातली तांबडी माती पाण्याने धुतली की निघते. मी परभणीची. आमच्याकडे जूनमध्ये शेतात गेलं की चार पावलांत चपलेखाली वीटभर माती येते, आणि पाचव्या पावलाला चपल तिथेच राहते, आपण पुढे. तसली माती आहे ही. उगाच म्हणत नाही, आपल्या काळ्या मातीत जी फुगणारी चिकणमाती असते ना, माँटमोरिलोनाइट, तिचंच भावंड म्हणजे बेंटोनाइट. आणि वायोमिंगमध्ये बेंटोनाइटच्या मोठमोठ्या खाणी आहेत! पाणी पडलं की ही माती फुगते, चिकटते. वाळली की दगड. कोरड्या दिवशी याच रस्त्यावर तुम्ही मजेत पंचवीसच्या वेगाने जाता, आणि अर्ध्या तासाची सर आली की चाक फिरत नाही.

आता सायकलचं काय होतं ते बघा. हा मागचा डिरेलर, चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा. आणि तो फ्रेमला ज्या पट्टीवर लटकतो, ती ही. हिला म्हणतात हँगर. अॅल्युमिनियमची असते आणि मुद्दाम नाजूक केलेली असते, म्हणजे काही झालं तर ही तुटावी, फ्रेम वाचावी. चिखल आधी टायरवर बसतो, मग टायर आणि फ्रेमच्या मधल्या जागेत ठासला जातो, त्यात गवत, बारीक खडे. इकडे चेन चिखलात जड होते. आणि आपण काय करतो? आपण जोर लावतो! कारण आपल्याला लहानपणापासून तेच सांगितलंय, जोर लावा. जोर लावला की चेन डिरेलरला मागे खेचते, तो वर वळतो, स्पोकमध्ये जातो आणि कट्. संपलं. पुढचं सायकलचं दुकान कधी दीडशे किलोमीटरवर असतं.

म्हणून, चिखल लागला की पेडल मारायचं नाही. एकसुद्धा नाही. उतरायचं.

"ताई, उतरून ढकलली तर?" ढकलूनही चाक जाम होतं, मग तुम्ही सायकल ढकलत नसता, नांगर ओढत असता. कडेला गवत असेल तर गवतावरून न्या, पण बहुतेक ठिकाणी रस्त्यालगत रँचचं काटेरी कुंपण असतं, गवताची पट्टी हातभर. नाहीतर उचला. सामानासकट. जमतंय का बघा.

"फॅट टायर लावला तर?" जास्त माती, कमी जागा. उलटंच. "गिअर हबवाली घेतली तर?" गिअर चाकाच्या हबच्या आतच असतात, म्हणून हँगर वाचेल, हे खरं. चाक तरी अडकणारच. पैसे खर्च करून यातून सुटका नाही, दादा. (कितीची आहे ते अजूनही सांगणार नाही.)

मग करायचं काय? थांबायचं. मला कळत नाही, हे सांगितलं की लोकांना राग का येतो. शेतात वाफसा आल्याशिवाय कुणी तिफण घालतं का? इथेही वाफशाचीच वाट बघायची. ऊन आणि वारा असेल तर कधी तीन-चार तासांत रस्ता चालण्याजोगा होतो. संध्याकाळी पाऊस झाला तर सरळ सकाळ. पाय ठेवून बघा, माती तळव्याला आली की परत बसा.

न्यू मेक्सिकोत, ग्रँट्सकडून पाय टाउनला जाताना, मला दुपारी पावसाने गाठलं. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडेही मान्सून असतो बरं का, आणि ढग दुपारनंतरच फुटतात. मी जुनिपरच्या झाडाजवळ ताडपत्री बांधली, कॉफी केली. एक डच गृहस्थ माझ्यापुढून गेले. म्हणाले, थोडंच तर आहे. सकाळी रस्ता वाळला, मी निघाले, आणि जेमतेम दीड किलोमीटरवर तेच गृहस्थ बसलेले. डिरेलर हातात! आदल्या संध्याकाळी दोन तास झुंजून तेवढंच अंतर कापलं होतं. मी ते दहा मिनिटांत केलं. पाय टाउनला कुणाच्या तरी पिकअपमधून ते माझ्याआधी पोचले, ही गोष्ट वेगळी.

आणि त्यांनी जोर का लावला? कारण परतीचं तिकीट! हा माझा खरा राग आहे. आपले लोकही रजा मोजून, तिकीट काढून, रोजचे किलोमीटर एक्सेल शीटमध्ये भरून येतात. एका पावसाने शीट बिघडतं, आणि मग ते चिखलाशी नाही, तारखेशी भांडायला लागतात. कुणी लिहितं, "माइक हॉलने २०१६ला चौदा दिवसांच्या आत संपवलं." अहो, ती शर्यत होती, आणि तो लांब पल्ल्याच्या शर्यती जिंकणारा माइक हॉल होता! तुम्ही हँगर दोन घ्या की चार घ्या, शीटमध्ये चार-पाच दिवस रिकामे ठेवले नाहीत तर ते सगळे तुटतील. खाणंही एक दिवसाचं जास्त ठेवा. मोंटानात मेडिसिन लॉज–शीप क्रीकचा पट्टा आहे, तिथे अडकलात तर वडापावची गाडी नाही. वायोमिंगच्या ग्रेट डिव्हाइड बेसिनमध्ये तर पाण्याचीही मारामार. म्हणून चाक धुवायला पिण्याचं पाणी अजिबात वापरायचं नाही. चिखल काठीने काढायचा, आणि अर्धवट सुकल्यावर. ओला खरवडलात तर फक्त पसरतो. मी आइस्क्रीमच्या काड्या नेते. तंबूच्या खुंट्यांनी फ्रेमवर ओरखडे येतात.

शेवटचा प्रश्न, हँगर कुठला घ्यायचा. मॉडेलचं नाव बघून मागवू नका, एकाच मॉडेलचे वेगवेगळ्या वर्षांचे हँगर वेगळे निघतात. मला एका दुकानाने छातीठोकपणे चुकीचाच दिला होता. जुना काढा, पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो घ्या, भोकं जुळवा. नवीन फ्रेमला युनिव्हर्सल हँगर, म्हणजे अनेक कंपन्यांच्या फ्रेमना एकच चालणारा, असेल तर हा ताप नाही. आणि आला की घरीच एकदा बसवून बघा, स्क्रूसकट.