लावणीतल्या चिखल्या, कापणीतले कुसळ

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या या शेतात सरद, म्हणजे पावसाळी भाताची लावणी चालू आहे. दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांच्या पायांच्या बेचक्यांत संध्याकाळी जी पांढरट, झोंबणारी कातडी दिसते, तिला चिखल्या म्हणतात आणि दोषही चिखलालाच देतात. चिखल केवळ निमित्त असतो. सतत ओली राहिलेली कातडी फुगून मऊ पडते, आणि एरवी आत शिरू न शकणाऱ्या बुरशीला व जिवाणूंना वाट मिळते.

गजकर्णाच्या बुरशीचे अन्नच मुळी केराटिन, म्हणजे ज्यापासून आपली वरची कातडी, केस आणि नखे बनतात ते द्रव्य. ती कडेकडेने खात पसरते, मधला भाग निवळल्यासारखा दिसतो आणि गोल चट्टा उमटतो. जून ते सप्टेंबर गोव्यात दोरीवरचे कपडे धड वाळत नाहीत. दमट कपड्यांखाली जांघेत आणि कमरेवर तिला हवे ते सारे मिळते. अशा वेळी दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमाने खाज चटकन थांबते, आणि फसगत होते ती इथेच. खाज आणि लाली ही शरीराने चालवलेल्या प्रतिकाराची खूण असते. स्टिरॉइड तो प्रतिकारच दाबून टाकते आणि बुरशी निवांत वाढते. 2020 मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या नावाने वेगळी ओळखली गेलेली बुरशी तर टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधालाही पुष्कळदा दाद देत नाही. आपल्या देशाचे नाव बुरशीला मिळावे, यात भूषण काही नाही.

चतुर्थीला मूळ घर माणसांनी भरते, आणि एकाचे डोळे आले की आठवडाभरात इतरांचेही येऊ लागतात. अशी साथ बहुतेकदा अडिनोव्हायरस या विषाणूची असते. आलेल्या डोळ्यांकडे पाहिल्याने ती लागत नाही. डोळा चोळलेला हात, सामाईक टॉवेल आणि उशीचा अभ्रा यांतून ती पसरते. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास तेवढा कमी होतो. हा आजार बहुधा दोनेक आठवड्यांत आपोआप ओसरतो, पण श्रेय मात्र थेंबांच्या बाटलीला जाते आणि ती फडताळात जपून ठेवली जाते.

मग कापणी येते. म्हणीतले कुसळ दुसऱ्याच्या डोळ्यात असते. शेतातले भाताचे कुसळ आपल्याच बुबुळाला ओरखडा काढते आणि फ्युझेरियम किंवा ॲस्परजिलस या बुरशीला आत सोडते. डोळा लाल होतो, चतुर्थीची बाटली आठवते. त्या थेंबांत स्टिरॉइड असले, तर लाली उतरते आणि बुबुळावरचा पांढरा व्रण आत खोल जात राहतो. नेत्रतज्ज्ञ व्रण हलकेच खरवडून नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हा बुरशीचे तंतू दिसतात. तिच्यावरचे नॅटामायसिनचे थेंब सुरुवातीला तासातासाला, आणि पुढे कित्येक आठवडे घालावे लागतात.