टाकीच्या झाकणावर नजर

श्रोतेहो, नमस्कार.

आज पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर कॅमेरा कुठे आणि कसा लावावा याबद्दल बोलायचं आहे. सुरुवात एका किल्लीपासून करतो. तारीख ६ जुलै १९८८. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे, तिथलं कॅमलफर्ड हे छोटंसं गाव. त्या भागाला लोअरमूरच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी जायचं. त्या दिवशी केंद्रावर एक टँकर आला. आत २० टन अ‍ॅल्युमिनियम सल्फेटचं द्रावण. आपल्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात ना, त्याच जातीचं हे रसायन. नेहमीचा ड्रायव्हर नव्हता, बदलीवर आलेला होता. त्याला सांगितलं होतं एवढंच, की फाटकातून आत गेलं की टाकी डाव्या हाताला आहे. केंद्रावर दाखवायला कुणी माणूस नव्हता.

त्याने वीसेक मिनिटं शोधाशोध केली. हातातली किल्ली या कुलपाला लावून बघितली, त्या कुलपाला लावून बघितली. तिथल्या पाणीखात्याच्या जवळपास सगळ्याच कुलपांना ती एकच किल्ली लागायची. एका झाकणाचं कुलूप उघडलं आणि त्याला वाटलं, हीच ती टाकी. त्या झाकणाखाली होतं शुद्ध करून, क्लोरिन घालून, घरोघरी जायला निघालेलं पाणी. २० टन रसायन त्यात गेलं.

सुमारे २० हजार लोकांच्या नळाला ते पाणी आलं. पाणी आम्लधर्मी झालेलं, त्याने पाइपातलं तांबं आणि शिसं सोबत आणलं. लोकांची तोंडं आली, अंगावर पुरळ उठलं, पोटं बिघडली, काहींचे केस हिरवट झाले. नद्यांतले मासे मेले. आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की नेमकं काय झालं ते खात्याला दोन दिवसांत कळलं होतं. लोकांना जाहीरपणे सांगितलं गेलं ते दोन आठवडे उलटून गेल्यावर. तोवर लोक विचारत होते आणि उत्तर मिळत होतं, पाणी प्यायला चांगलं आहे, चव लागत असेल तर संत्र्याचा रस मिसळा. ज्या आयांनी त्या पाण्यात बाळाचं दूध कालवलं असेल, त्यांचा विचार आला की आजही मन अस्वस्थ होतं.

मी बरीच वर्षं एका छोट्या शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम केलं. ही हकिकत पहिल्यांदा वाचली तेव्हा डोळ्यांपुढे आमचा फिल्टर प्लांट उभा राहिला. फाटकाला कुलूप असायचं, पण नुसतं अडकवलेलं. रात्री एक ऑपरेटर, तोही लाइट गेली की जॅकवेलवर, म्हणजे पाणी उपसण्याच्या विहिरीवर, धावणार. मग मागे उरतं कोण?

एका मे महिन्यातली सकाळ सांगतो. आमचा वॉलमन, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, लेव्हल बघायला उंच टाकीवर चढला. एरवी तो खालच्या पट्टीवरच लेव्हल बघायचा, त्या दिवशी पट्टीचा काटा अडकला म्हणून चढला. वर झाकणाशेजारी चपलांचे तीन जोड, ओळीने काढून ठेवलेले. देवळाबाहेर काढाव्यात तसे. पोरं आत पोहत होती. त्यांना बाहेर काढलं, टाकी रिकामी केली, धुतली, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालून पुन्हा भरली. एक दिवसाआड येणारं पाणी त्या आठवड्यात चौथ्या दिवशी आलं. पोरांवर मी रागावलो नाही, चाळीस-बेचाळीसच्या उन्हात पोरं पाणी शोधणारच. मला झोप लागली नाही ती वेगळ्याच विचाराने. काटा अडकला नसता तर? आणि ही पोरं होती. दुसऱ्या कुणाच्या हातात विषाचा डबा असता तर?

त्यानंतर मी कॅमेऱ्याच्या मागे लागलो.

आता कॅमेरे पुष्कळ ठिकाणी लागतात, पण कुठे लागतात ते नीट बघा. पहिला लागतो कार्यालयात, हजेरीच्या टेबलावर. दुसरा फाटकावर. टाकीच्या झाकणावर, शिडीच्या पायथ्याशी, पाण्यात घालायच्या औषधांच्या खोलीत आणि शुद्ध पाण्याच्या संपवर, म्हणजे जमिनीखालच्या टाकीवर, कॅमेरा फार कमी ठिकाणी दिसतो. कॅमलफर्डला फाटकावर कॅमेरा असता तर त्यात काय दिसलं असतं? खात्याच्या कामाचा टँकर, हातात किल्ली असलेला ड्रायव्हर. सगळं रीतसर. चूक फक्त झाकणापाशी दिसली असती.

आमच्याकडे कॅमेरे बसवायचे ठरले तेव्हा वॉलमन म्हणाला, "साहेब, वीस वर्षं पाणी सोडतोय, आमच्यावर भरोसा नाही का?" त्याचं चुकलं नव्हतं. मी त्याला टाकीवर घेऊन गेलो, कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे ते दाखवलं. म्हटलं, "दादा, हा झाकणाकडे बघतोय. उद्या पाण्यात काही निघालं तर पहिलं बोट तुझ्याकडे जाईल. तेव्हा तू तिथे नव्हतास हे हाच सांगेल." मग त्यानेच तारा ओढायला हात लावला.

उंच टाकीवरून आख्खी वस्ती दिसते. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाया, न्हाणीघराच्या उघड्या भिंती, अंगणातल्या बाजा. कॅमेरा तिकडे वळला तर लोकांचं पाणी राखायचं राहील आणि लोकांच्या घरात डोकावणं होईल. म्हणून तो खाली झुकवून असा घट्ट बसवायचा, की फिरवता येऊ नये. चौकटीत झाकण आणि शिडीची वरची पायरी, बस्स. हे मी फार आग्रहाने सांगतो, कारण एकदा का बायकांना वाटलं की टाकी आपल्याकडे बघते आहे, की तो कॅमेरा फुटलाच म्हणून समजा, आणि तो फुटावाच.

बसवला म्हणजे झालं असंही नाही. रात्री बघण्यासाठी कॅमेऱ्याभोवती जे छोटे दिवे असतात, त्यांच्यापाशी किडे येतात. किड्यांमागे कोळी येतो आणि भिंगासमोर जाळं विणतो. पंधरा दिवसांत चित्र पांढरं धुकट. फडक्याने पुसणारा माणूस नेमावा लागतो. रेकॉर्डिंगच्या यंत्राचं घड्याळ मागे पडतं, मग मध्यरात्रीची घटना दुपारी झालेली दिसते. आणि मुख्य म्हणजे, बघणार कोण? चोवीस तास पडद्याकडे डोळे लावून बसायला छोट्या नगरपालिकेकडे माणूस नसतो. त्याला साधा उपाय आहे. झाकणाला लोहचुंबकाची कळ लावायची. झाकण उचललं की फोनवर संदेश, आणि मग फोनवरच कॅमेऱ्याचं चित्र बघायचं. तो संदेश फक्त साहेबांना जाऊ नये. वॉलमनला जावा, आणि टाकीजवळ राहणाऱ्या दोन-चार जबाबदार माणसांनाही जावा. जी गोष्ट गावातल्या चौघांना त्याच क्षणी कळते, ती दोन आठवडे कपाटात ठेवता येत नाही.

कॅमेऱ्याला जंतू मात्र दिसत नाहीत. फुटलेल्या पाइपात शिरणारं गटाराचं पाणी दिसत नाही. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुईलेन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यावर गेला. तिथे उपयोग होतो तो ओटी टेस्टचा, म्हणजे पाण्यातलं क्लोरिन तपासण्याच्या साध्या चाचणीचा. शेवटच्या घरच्या नळाचं पाणी नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरिन पोचलंय. लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम उरलं पाहिजे. कॅमेरे बसवले म्हणून ही टेस्ट बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कृपा करून करू नका.

आमच्या टाकीवरून पहिला संदेश आला तो रात्री दोनच्या सुमारास. वॉलमन बॅटरी घेऊन धावला, मागून मी. वर कुणी नव्हतं. वाऱ्याने झाकण उचललं जात होतं, कारण कडी गंजून तुटली होती, आणि ती किती दिवस तुटलेली होती देव जाणे. वॉलमनने खिशातल्या तारेने झाकण बांधलं आणि सकाळपर्यंत तो तिथेच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याकडून नवी कडी करून घेतली, नवं कुलूप आणलं. त्याच्या दोन किल्ल्या आहेत. शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही कुलपाला त्या लागत नाहीत, मी लावून बघितल्या आहेत.

नमस्कार.