वाघाचा केशरी रंग कुणाला दिसतो?

(दृश्य : ताडोबा, एप्रिलची सकाळ. वाळलेलं गवत, बांबूची बेटं.)

निवेदन :
त्या गवताच्या कडेला वाघीण दबा धरून बसली आहे. आपल्याला ती दिसते. एवढा भडक केशरी रंग लपेल कसा? पण पलीकडे चितळांचा कळप खाली मान घालून निवांत चरतोय.

भडक हा रंग आपल्या डोळ्यांना. दृष्टिपटलावर रंग टिपणाऱ्या शंकूपेशी असतात, आणि माणसात त्या तीन प्रकारच्या. एक निळ्या प्रकाशाला जास्त दाद देते, साधारण ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या. उरलेल्या दोन ५३० आणि ५६० च्या आसपास. अंतर एवढंसं, पण तेवढ्यावरच लाल आणि हिरवा वेगळे होतात.

हरणांकडे शंकूपेशी दोनच प्रकारच्या. लाल-हिरवा वेगळे करणारी ती जोडी त्यांच्याकडे नाही.

(दृश्य : तीच चौकट, चितळाच्या नजरेतून. केशरी रंग गवतात विरतो.)

आता शोधा वाघीण.

मग वाघ सरळ हिरवाच का नाही? सस्तन प्राण्यांच्या केसांत रंगद्रव्यं दोनच जातींची : एक काळं-तपकिरी, दुसरं तांबूस-पिवळं. हिरवा केस घडवायला लागणारा रंगच अंगात नाही. आणि ज्याची शिकार करायची, त्याला केशरी आणि हिरव्यातला फरकच कळत नसेल, तर त्याची गरज तरी काय? अंगावरचे पट्टे शरीराची कडा मोडतात. बाकी काम निश्चल बसण्याचं, कारण हालचाल मात्र चितळाच्या डोळ्यांतून सुटत नाही.

(दृश्य : झाडाच्या शेंड्यावर वानर.)

या जंगलात आपल्यासारखे डोळे असलेला आणखी एक जण आहे. आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या पूर्वजात, सुमारे तीन-चार कोटी वर्षांपूर्वी, एका जनुकाची प्रत निघाली, ती थोडी बदलली, आणि तिसरी शंकूपेशी मिळाली. पिकलेली फळं, तांबूस कोवळी पालवी हिरव्या पानांतून हेरायला ती कामी आली असावी. तोच वारसा वानराकडे आहे, आपल्याकडेही. वर उंचीचा फायदा.

(ध्वनी : खॉक! खॉक!)

जिप्सी थांबते. गाइड हळूच म्हणतो, "कॉल आहे."

खाली चितळांच्या माना झटकन वर. शेपट्या ताठ. एक मादी पुढचा पाय जमिनीवर आपटते. वानरांनी टाकलेला पाला खायला हा कळप रोज याच झाडांखाली येतो, त्यांची ही धोक्याची हाक तो ओळखतो. सगळे गवताकडे टक लावून पाहतायत.

वाघीण अजून हललेली नाही. वानर तिच्यावरून नजर काढत नाही.