शेवटच्या डायव्हरचे घड्याळ

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यापासून बहामाजमधले बिमिनी बेट जेमतेम 80 किलोमीटरवर आहे. चार आसनांच्या, एका इंजिनाच्या सेस्ना 172 विमानाला हे अंतर कापायला अर्धा तासही लागत नाही. तरीही मित्रमंडळींना घेऊन सुट्टीला निघालेला हौशी वैमानिक या अर्ध्या तासाचा हिशोब आदल्या रात्रीच मांडून ठेवतो, कारण खाली गल्फ स्ट्रीमचा वाहता समुद्र असतो आणि इंजिन बंद पडले तर उतरायला शेत नसते, रस्ता नसतो. साडेसात हजार फुटांवर इंजिन थांबले, तर वारा नसताना हे विमान सुमारे वीस किलोमीटर तरंगत जाऊ शकते. दोन्ही किनाऱ्यांकडून वीस-वीस किलोमीटर वजा केले, की मधोमध चाळीसेक किलोमीटरचा असा पट्टा उरतो, जिथून कोणताच किनारा गाठता येत नाही. तो ओलांडायला दहा-अकरा मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट असते. हा पट्टा अरुंद करायचा, तर अधिक उंचीवरून उडणे हाच मार्ग आहे.

आपण ज्या गटाबरोबर निघालो आहोत, त्यातले बहुतेक वैमानिक स्कूबा डायव्हरही आहेत, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून खोल पाण्यात उतरणारे, आणि पाण्यातून वर आल्यावर कित्येक तास डायव्हरला नेमकी उंचीच वर्ज्य असते. या सहलीचे सगळे वेळापत्रक या एका पेचाभोवती आखलेले आहे.

त्याआधी वजनाचा प्रश्न सोडवावा लागतो. सेस्ना 172 च्या मागच्या कप्प्यात एकूण सुमारे 54 किलो सामान ठेवता येते, तर डायव्हिंगचा अॅल्युमिनियमचा एक रिकामा सिलिंडरच 14 किलोच्या आसपास भरतो. त्यामुळे सिलिंडर आणि पाण्यात खाली जाता यावे म्हणून कमरेला बांधायचे शिशाचे तुकडे बेटावर भाड्यानेच घेतले जातात. सोबत येतात ते मास्क, पायातले फिन्स, सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोहोचवणारा रेग्युलेटर आणि खोली व वेळ मोजणारा मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर. हँगरच्या दारात घरून आणलेला वजनकाटा मांडलेला आहे आणि एकेक जण आपल्या पिशवीसकट त्यावर उभा राहतो आहे. आपले खरे वजन चारचौघांत मोठ्याने सांगायला एरवी कोणी तयार नसते, पण इथे वैमानिक तो आकडा वहीत उतरवतो आणि त्यावरून किती इंधन भरायचे ते ठरवतो.

बिमिनीच्या पुढे पाणी उथळ होते आणि ग्रेट बहामा बँकेचा फिकट हिरवा तळ विमानातूनही दिसू लागतो. या देशात सुमारे 700 बेटे आहेत आणि त्याहून कितीतरी जास्त खडक आणि पुळणी. वरून पाहता त्यांतली बरीचशी एकसारखी दिसतात, आणि हे साम्य जीवघेणे ठरू शकते. 5 डिसेंबर 1945 रोजी फोर्ट लॉडरडेलहून सरावासाठी निघालेल्या अमेरिकी नौदलाच्या पाच अॅव्हेंजर विमानांच्या तुकडीचा प्रमुख वाट चुकला आणि आपण बहामाजवर नसून फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळच्या फ्लोरिडा कीज बेटांवर आहोत, अशी त्याची समजूत झाली. त्या तुकडीतले 14 जण परतले नाहीत. पुढे या घटनेवर बर्म्युडा ट्रँगलच्या गूढकथांचे इमले रचले गेले, पण ढगाळ दुपारी या बेटांवरून एकदा उडालेल्या वैमानिकाला गूढाची गरज वाटत नाही.

अँड्रॉस हे बहामाजमधले सर्वांत मोठे बेट आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्याला समांतर प्रवाळाची लांबलचक भिंत आहे आणि तिच्या पलीकडे ‘टंग ऑफ द ओशन’ ही समुद्रातली दरी सुरू होते. विमानातून ही सीमा चाकूने कापल्यासारखी दिसते: अलीकडे फिकट निळे पाणी आणि पलीकडे शाईसारखे गडद. ज्या कडेवरून सकाळी विमान गेले, तिच्याच बाजूला दुसऱ्या दिवशी हे लोक 30 मीटर खोलीवर तरंगत असतात. समोर स्पंज आणि प्रवाळाने भरलेला उभा कडा असतो आणि पायाखाली दीड-दोन किलोमीटर खोल अंधार.

अँड्रॉसची दुसरी ओळख म्हणजे तिथली ‘ब्लू होल्स’, म्हणजे पाण्याने भरलेली खोल विवरे. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती, तेव्हा पावसाच्या पाण्याने इथला चुनखडक विरघळवून गुहा कोरल्या. पुढे समुद्र चढला आणि त्या बुडाल्या. काही गुहांच्या छतांना आजही चुन्याचे झुंबर लटकलेले आहे, आणि असे झुंबर थेंबाथेंबाने कोरड्या गुहेतच तयार होते. भरती-ओहोटीबरोबर समुद्रातली काही विवरे पाणी आत ओढतात आणि बाहेर फेकतात. तिथे अर्धा शार्क आणि अर्धा ऑक्टोपस असलेला लुस्का नावाचा प्राणी राहतो, असे बेटावरचे लोक सांगतात. गुहेतल्या डायव्हिंगचे वेगळे प्रशिक्षण नसलेला डायव्हर सूर्यप्रकाश पोहोचतो तिथेच थांबतो. लुस्कावर विश्वास नसला तरी हा नियम पाळावाच लागतो.

30 मीटर खोलीवर शरीरावरचा दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो आणि वर आल्यानंतर कित्येक तास हळूहळू बाहेर पडत राहतो. तो पुरता निघून जाण्याआधीच माणूस विमानातून वर गेला, तर हवेचा दाब आणखी घटतो. 8,000 फुटांवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो. मग उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखतात, हातापायांना मुंग्या येतात, विलक्षण थकवा येतो, क्वचित पक्षाघातापर्यंत मजल जाते. लहान विमानात दाब राखणारी केबिन नसते, आणि त्रास व्हायला लागलेला माणूसच विमान चालवत असू शकतो.

म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची शिफारस अशी आहे की, नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे लागले नसेल, तर 8,000 फुटांपर्यंतच्या उड्डाणाआधी किमान 12 तास जाऊ द्यावेत. तसे थांबावे लागले असेल किंवा त्याहून उंच जायचे असेल, तर 24 तास. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था सलग अनेक डायव्ह केलेल्यांना किमान 18 तास थांबायला सांगते. उलट क्रमाला अशी आडकाठी नाही. सकाळी विमानाने येऊन दुपारी पाण्यात उतरता येते. त्यामुळे हा गट डायव्हिंग आधी उरकतो, मग अँड्रॉसवर एक दिवस कोरडा काढतो आणि त्यानंतरच एग्झुमा बेटांकडे उडतो.

एग्झुमातली मौज पृष्ठभागावर आहे. बिग मेजर के बेटाच्या किनाऱ्यावर पोहणारी डुकरे पर्यटकांच्या होड्यांना वेढा घालतात. त्यांच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे काही नाही. वैमानिकांचे पाय खरे रेंगाळतात ते नॉर्मन्स के बेटापाशी. 1970 च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियाच्या मेदेयीन टोळीतल्या कार्लोस लेडरने इथल्या धावपट्टीवरून कोकेनची वाहतूक चालवली होती. त्या काळात, 1980 साली कोसळलेले कर्टिस सी-46 हे जुने मालवाहू विमान अजून उथळ पाण्यात मोडून पडलेले आहे. ते पाहायला सिलिंडर लागत नाही, स्नॉर्कल, म्हणजे तोंडात धरायची श्वासाची नळी, पुरतो. इतर पर्यटक सांगाड्यात शिरलेले मासे पाहतात. आपले वैमानिक मात्र ते कोणत्या दिशेने आले असेल आणि धावपट्टी किती अंतराने हुकली असेल, यावर वाद घालतात.

एग्झुमातही उत्तम डायव्हिंग आहे आणि मोह होतोच. गटात कोणी एकट्यानेच आणखी एक डायव्ह केला, तरी परतीच्या विमानातल्या चौघांचे वेळापत्रक त्याच्या घड्याळावर चालते. पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला नियमानुसार 6,500 किंवा 8,500 फूट अशा ठरावीक उंचीवरूनच उडावे लागते. अठरा तास झाले असतील, तर 6,500 फुटांवरून जाता येते. पण मग किनारे आवाक्याबाहेर असलेला पट्टा ओलांडायला तीन मिनिटे जास्त लागतात. 8,500 फूट हवे असतील, तर पूर्ण चोवीस तास थांबावे लागते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला आहे आणि वैमानिक प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो आहे: तू पाण्यातून शेवटचा बाहेर कधी आलास?